कट्टा लहान, स्वयंपाक मोठा : आपल्या हातातल्या फोनची गोष्ट

 दुपारची कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर आपला फोनही जवळ घेऊन बसा. आज गोष्ट त्याचीच आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ता भरायचा होता म्हणून सचिव वहिनींनी फोन काढला. बँकेचं ॲप उघडेना, गोल चक्र फिरतच राहिलं. एकदाचं उघडलं आणि ओटीपी आला. तो बघायला गेल्या, तर मागे ॲप बंद पडलं. परत उघडेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. असं तीन वेळा झालं. शेवटी त्यांच्या सहावीतल्या मुलानं फोन हातातून घेतला आणि म्हणाला, "आई, तुला वापरायलाच येत नाही." त्याच्या हातातही फोन चालला नाही. पण वहिनींचा चेहरा उतरला तो उतरलाच.

हे वाक्य आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय? घरात नवा फोन येतो तो घरधन्यासाठी नाहीतर कॉलेजच्या पोरासाठी. मग त्याचा जुना फोन बाईकडे येतो. चार वर्षं वापरलेला, कोपरा फुटलेला, दुपारपर्यंत चार्जिंग उतरणारा. त्याच फोनवर बँक, रेशन, लाडकी बहीण, गटाचा हिशेब, पोरांचा अभ्यास असं सगळं चालवायचं. तो अडला की दोष बाईचा. आज आपण बघू, की हा दोष खरा कुणाचा. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आपल्या आईच्या काळात गावात फोन असायचा तो पोस्टात, नाहीतर एखाद्या व्यापाऱ्याच्या पेढीवर. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते, लाइटनिंग सगळ्यांत महाग. नंबर सांगून ताटकळत बसायचं. शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं परदेशी तंत्राची, त्यांना थंड, बंद खोली लागायची. खेड्यात धूळ, ऊन आणि विजेचा लपंडाव. तिथं ती टिकायची कशी?

१९८४ साली केंद्र सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण इंजिनिअरांनी खेड्यासाठी एक छोटं एक्स्चेंज तयार केलं. त्याला एसी लागत नव्हता, धूळ-उन्हात ते चालत होतं. त्याची पहिली चाचणी १९८६ साली झाली ती कित्तूरला. कागल, निपाणी, संकेश्वर करत बेळगाव ओलांडलं की धारवाडच्या वाटेवर राणी चेन्नम्माचं हे गाव लागतं. म्हणजे आपल्या शेजारीच. पुढं रस्त्यारस्त्यावर पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ उभी राहिली. अनेक ठिकाणी ती अपंग बांधवांनी आणि बायकांनी चालवली.

या कित्तूरच्या यंत्राची एक गोष्ट लक्षात ठेवा. ते बनवणाऱ्यांनी आधी खेडं पाहिलं, मग यंत्र बनवलं. हे नेहमी होत नाही.

मग मोबाईल आला. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा बोलणाऱ्यालाही पैसे पडायचे आणि ऐकणाऱ्यालाही. २००३ च्या मे महिन्यात येणारा फोन फुकट झाला आणि मोबाईल गावात शिरला. आपण तर त्यातूनही युक्ती काढली, मिस कॉलची. एक रिंग म्हणजे "पोचले", दोन रिंगा म्हणजे "तू कर".

त्याच २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला. आठवतोय? वर बॅटरीचा दिवा, बटणांवर धूळ आत जाऊ नये असं रबरी आवरण, चार्जिंग केलं की काही दिवस बघायला नको. जगात तो २५ कोटींहून जास्त विकला गेला. रात्री पाणी पाजायला जाणाऱ्याच्या खिशात तोच आणि गोठ्यात धार काढणारीच्या कमरेलाही तोच.

तो फोन कधी हळू झाला का? झाला नाही. पहिल्या दिवशी जेवढं काम करायचा, तेवढंच पाचव्या वर्षी करायचा. कारण त्याच्यात नवीन काही भरलंच जात नव्हतं. स्मार्टफोनचं तसं नाही, आणि आपल्या गोष्टीचं खरं वळण इथंच आहे.

२००८ साली अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, इंटरनेट स्वस्त झालं आणि स्मार्टफोन गल्लोगल्ली गेला. या फोनचं सगळं काम ॲपवर चालतं. ॲप दर महिन्या-दोन महिन्याला नवीन होतं आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जड होतं. फोन मात्र आहे तोच राहतो.

हे स्वयंपाकघरावरून समजून घेऊ. तुमच्या स्वयंपाकघरात एक कट्टा आहे आणि एक फडताळ आहे. फडताळात डबे भरून ठेवायचे, कट्ट्यावर प्रत्यक्ष काम करायचं. फोनमध्ये फडताळाला स्टोरेज म्हणतात आणि कट्ट्याला रॅम. फोटो, व्हिडिओ, ॲप हे सगळे डबे फडताळात. एखादं ॲप उघडलं की तो डबा कट्ट्यावर येतो. कट्टा लहान असला तर एका वेळी दोनच पातेली मावतात. तिसरं ठेवायला पहिलं उचलावं लागतं. आमच्या वहिनींचं तेच झालं. ओटीपीचा मेसेज कट्ट्यावर आला आणि बँकेचं पातेलं खाली ढकललं गेलं. यात वहिनींची चूक कुठं?

आता महाराष्ट्रातल्या बायकांनी हे जाहीरपणे कसं सांगितलं ते ऐका. तुमच्यातल्या काही जणी त्यात असतीलही.

८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झालं. अंगणवाडी सेविका तोवर अकरा रजिस्टरं हातानं भरायच्या. मुलांची वजनं, उंची, आहार, गरोदर बायांची नोंद, लसीकरण. हे सगळं मोबाईलवर आणायचं ठरलं. २०१९ मध्ये राज्यात लाखभर सेविकांच्या हाती सरकारी स्मार्टफोन आले. कट्टा २ जीबीचा, फडताळ १६ जीबीचं. त्यातलं बरंचसं फडताळ फोनच्या स्वतःच्या सामानानंच भरलेलं असतं, हे ध्यानात घ्या. सुरुवातीचं ॲप मराठीत होतं. ज्यांनी आयुष्यात स्मार्टफोन धरला नव्हता, अशा पन्नाशीच्या सेविकासुद्धा ते शिकल्या. शिकल्या आणि चालवून दाखवलं.

१ मार्च २०२१ ला पोषण ट्रॅकर नावाचं नवं ॲप आलं. तेव्हा कोरोनाचा काळ, सेविका घरोघरी सर्वेक्षण करत होत्या. नवं ॲप सुरुवातीला इंग्रजीत. फोन दोन वर्षं जुना, वॉरंटी संपत आलेली. ॲप उघडलं की फोन तापायचा, अडकायचा, भरलेली माहिती निघून जायची. दुरुस्तीला गेलं तर पदरचे पैसे. त्या वेळी सेविकेचं मानधन महिन्याला सव्वाआठ हजारांच्या आसपास होतं, त्यातून फोनला किती घालायचे? पण नोंद झाली नाही की विचारणा सेविकेलाच. "तुम्हालाच जमत नाही," हे तिथंही ऐकायला मिळालं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ठरवलं, की हे फोन परत करायचे. त्याला मोबाईल वापसी आंदोलन म्हणतात. जिल्ह्याजिल्ह्यात सेविका रांगेनं कार्यालयांत गेल्या आणि फोन परत दिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही काम करायला तयार आहोत. आम्हाला चालणारा फोन द्या आणि ॲप आमच्या भाषेत द्या. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढं ॲप मराठीसह अनेक भाषांत आलं. २०२३ च्या फेब्रुवारीत सेविकांचा राज्यव्यापी संप झाला, त्यातही नवा मोबाईल ही एक मागणी होतीच.

या बायकांनी फोनची कंपनी, सॉफ्टवेअर यांचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांनी एवढंच ताडलं, की आपले हात कालचेच आहेत, फोन कालचाच आहे, आणि त्यावर ठेवलेलं पातेलं तेवढं मोठं झालंय. निदान अगदी बरोबर होतं.

असंच निदान परदेशातही झालं, तेही काही वर्षं आधी. ॲपलचे आयफोन लाखाच्या घरातले. तिथल्या ग्राहकांनी तक्रार केली की जुने आयफोन अचानक हळू झाले. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीनं मान्य केलं, की बॅटरी जुनी झाली की फोन एकदम बंद पडू नये म्हणून आम्हीच सॉफ्टवेअरमधून वेग कमी करतो. हे ग्राहकांना सांगितलेलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं बॅटरी बदलण्याचा दर उतरवला, आपल्या देशात ६,५०० रुपयांवरून २,००० वर आणला. बॅटरी बदलली की तोच फोन परत पळायला लागला. २०१८ मध्ये इटलीच्या सरकारी यंत्रणेनं जुने फोन हळू करणाऱ्या अपडेटबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. युरोपात आता नियमच झालाय, की विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यायचे. आपल्याकडे २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारनं एक पोर्टल सुरू केलं, पण असं बंधन अजून नाही.

मग जुना फोन टाकून द्यायचा का? आपण कोल्हापूरची माणसं. जुन्या यंत्रात जीव घालणं ही इथली सवय आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून सिनेमा दाखवायचं एक यंत्र आणलं आणि ते खोलून, अभ्यासून स्वतःचा कॅमेरा बनवायचा घाट घातला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा चालता केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचे पैसे दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेनं. म्हणजे त्या यंत्रामागं एका बाईची गाठ होती. आजही शिवाजी उद्यमनगरात गेलं तर पंप, इंजिन, मोटार खोलून बसलेले मेस्त्री दिसतात. यंत्र अडलं की आधी खोलून बघायचं, मग टाकायचं की ठेवायचं ते ठरवायचं. फोनलाही हाच नियम लावू.

आता वही-पेन घ्या. क्रमानं करा, घाई करू नका.

पहिलं, फोन बंद करून परत चालू करा. आठवड्यातून एकदा तरी. त्यानं कट्टा मोकळा होतो. कितीतरी जणींचा फोन महिनोन्‌महिने बंदच केलेला नसतो.

दुसरं, फडताळ बघा. सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं की किती भरलंय ते दिसतं. काठोकाठ भरलं की फोन अडखळतो. पाचातला एक वाटा तरी मोकळा असू द्या. सर्वांत जास्त जागा खातं ते व्हॉट्सॲप. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा या जागी गेलं की कुठल्या ग्रुपनं किती जागा घेतली ते कळतं. सुप्रभातची फुलं आणि एकच व्हिडिओ सहा वेळा आलेला, हे काढून टाका. तिथंच फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. बारशाचे, लग्नाचे फोटो मात्र आधी दुसरीकडे ठेवा, मग पुसा.

तिसरं, न लागणारी ॲप काढा. पोरांनी टाकलेले गेम, फोन स्वच्छ करून देतो म्हणणारी ॲप, ही आधी. ती स्वच्छ काही करत नाहीत, जाहिराती दाखवतात आणि कट्ट्यावर बसून राहतात. जे ठेवायचं ते प्ले स्टोअरवरूनच अपडेट करा. कुणी लिंक पाठवून ॲप टाका म्हणालं तर टाकू नका. फसवणूक झालीच, तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा.

चौथं, बॅटरी. दोन-तीन वर्षांनी तिचा जोर उतरतोच. चाळीस टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडत असेल, तर खोट बॅटरीत आहे. चांगल्या ठिकाणी बदलून घ्या, बिल मागा. पाठ फुगली असेल, तर फोन वापरणं आणि चार्ज करणं ताबडतोब थांबवा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या नदीकाठच्या गावांत कित्येक फोन भिजले. भिजलेला फोन चार्जिंगला लावायचा नाही, बटणं दाबत बसायचं नाही. बंद करायचा, सिम काढायचं, पुसायचा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. तांदळाच्या डब्यात ठेवून आतलं पाणी काही निघत नाही, उलट कोंडा आणि पीठ आत जातं.

पाचवं आणि शेवटचं, फोन पुसून नव्यासारखा करणं, म्हणजे फॅक्टरी रीसेट. यानं बराच फरक पडतो, पण सगळं पुसलं जातं. म्हणून आधी नंबर गुगल खात्यात आहेत का बघा, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, फोटो काढून ठेवा. आणि गुगल खात्याचा पासवर्ड आपल्याला माहीत आहे ना, याची खात्री करा. बऱ्याचदा खातं पोरानं उघडलेलं असतं आणि पासवर्ड त्यालाही आठवत नाही. मग पुसलेला फोन उघडतच नाही. पैशांची ॲप नंतर पुन्हा नोंदवावी लागतात, तेव्हा बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं.

दुरुस्तीला देताना सिम काढून घ्या. पैशांच्या ॲपचा पिन कुणालाही सांगू नका, मेस्त्री ओळखीचा असला तरी.

एवढं करूनही फोन चालला नाही, तर नवा बघायची वेळ आली. दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते आधी सांगतात. आपण आधी दुसरं विचारायचं. कट्टा किती? आजच्या घडीला ४ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, जमलं तर ६ घ्या. काही जण "चार अधिक चार, आठ जीबी" सांगतात. त्यातले दुसरे चार हे फडताळातलीच एक फळी कट्टा म्हणून वापरणं असतं, खरा कट्टा चारचाच. फडताळ किती? १२८ जीबी असलं की काही वर्षं चिंता नाही. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? दोन वर्षं म्हणाला आणि शेजारचा फोन चार वर्षं म्हणाला, तर हजार रुपये जास्त असले तरी दुसरा स्वस्त पडतो. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे का, की पुण्याला पाठवणार?

वापरलेला फोन घेत असाल तर मूळ बिल मागा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी नंबर येतो. इंग्रजीत के-वाय-एम ही अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवला की फोनची माहिती येते. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, तर तेही कळतं.

मैत्रिणींनो, गटासाठी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या फोनचे तीन आकडे काढा : कट्टा किती, फडताळ किती मोकळं, फोन किती वर्षांचा. गटाच्या वहीत लिहा. गटाचा हिशेब ज्या फोनवर चालतो तो फोन सर्वांत जुना आहे, असं निघालं तर त्याचा खर्च गटाचा खर्च म्हणून धरा. तो सचिवाच्या पदरचा नाही. कुणी कार्यालयातून नवं ॲप वापरायला सांगितलं, तर विचारा, आमच्या या फोनवर ते चालतं का, आणि मराठीत आहे का. अंगणवाडीच्या बायकांनी हेच दोन प्रश्न विचारले होते.

आमच्या वहिनींचा फोन आम्ही बैठकीतच उघडून बसलो. ३२ जीबीचं फडताळ, मोकळं एक जीबीसुद्धा नाही. चार वर्षांच्या शुभेच्छा, सात गेम आणि एकाच वरातीचे दोनशे व्हिडिओ. तासाभरात आवरलं, फोन बंद करून चालू केला आणि हप्ता भरला. रॅम २ जीबीच, त्यामुळं तो फार दिवस साथ देणार नाही, हेही वहीत लिहिलं. पोरगा दारात उभा राहून बघत होता. वहिनींनी त्याला हाक मारली आणि म्हणाल्या, "ये, बस. फडताळ कसं आवरायचं ते तुलाही दाखवते."

भेटू पुढच्या मंगळवारी. नमस्कार.